डेबियन १३ एलव्हीएमवर बसवायचंय: २५६ जीबीची एनव्हीएमई आणि १ टीबीची हार्ड डिस्क, जागेची वाटणी कशी करावी?

उद्यमनगर_पॅटर्न

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपसाठी (फौंड्रीच्या ओतकामाचे नमुने बनवणारा कारखाना) फाइल सर्व्हर उभा करायचा आहे. मशीन जुनंच आहे: सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून डेबियन १३ (लिनक्स) टाकायचं ठरलंय. विंडोज ठेवायचं नाही.

ड्रॉइंगच्या फाइली सध्या १ टीबीच्या डिस्कवर, डी ड्राइव्हमध्ये आहेत, साधारण २८० जीबी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडून येणारी थ्रीडी मॉडेल्स मोठी असतात. जागा लागत जाणार हे नक्की, किती ते आज सांगता येत नाही. म्हणूनच एलव्हीएम हवंय, म्हणजे डिस्कची जागा नंतरही हवी तशी वाटता-वाढवता येणारी लिनक्सची सोय.

विचारायचंय ते असं. इन्स्टॉलरमधला तयार एलव्हीएमचा पर्याय घ्यावा की हाताने वाटणी करावी? दोन्ही डिस्क एकत्र करून सलग सव्वा टीबी मिळते, तसं करावं का? रूट, होम, स्वॅपला किती द्यावं? आणि पुढे आणखी एक १ टीबीची डिस्क आणून आरसा (तोच डेटा दोन्ही डिस्कवर) करायचा झाला, तर सगळं पुन्हा बसवावं लागेल का?

रंकाळा_रूट

दोन्ही डिस्क एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमचा जागेचा साठा, यातूनच पार्टिशनसारखे 'व्हॉल्यूम' कापले जातात) टाकू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीची वाटणी नंतर बदलता येते, ही निस्तरायला जड जाते. एलव्हीएम जागा ४ एमबीच्या तुकड्यांत, म्हणजे एक्स्टेंटमध्ये मोजतं आणि साध्या पद्धतीत एका डिस्कवरचे एक्स्टेंट संपले की पुढचे दुसरीवर घेतं. ड्रॉइंगचा व्हॉल्यूम असा दोन डिस्कवर पसरला आणि त्यातली एक गेली, तर दुसरीवर उरलेल्या अर्ध्या फाइलसिस्टीममधून फारसं काही हाती लागत नाही. म्हणजे बिघाडाची शक्यता दुप्पट, बदल्यात फक्त एक मोठा आकडा. शिवाय एनव्हीएमईचा वेग कुठल्या फाइलला मिळेल हेही तुमच्या हातात राहत नाही.

दोन डिस्क, दोन ग्रुप. एनव्हीएमईवर 'पॅटसिस', हार्ड डिस्कवर 'पॅटडेटा' अशी नावं द्या. 'डेटा' किंवा 'व्हीजी०' अशी सर्रास नावं नकोत, कारण उद्या दुसऱ्या मशीनची त्याच नावाच्या ग्रुपची डिस्क जोडली की एलव्हीएम नावावरून ग्रुप ओळखू शकत नाही आणि यूयूआयडी (ग्रुपचा लांबलचक ओळख क्रमांक) वापरून व्हीजीरीनेम करत बसावं लागतं. नावात आडवी रेघही नको. डिव्हाइस मॅपर ती दुप्पट करून लिहितो आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) हाताने टाइप करताना तिथेच चुकतं.

आता क्रम. २८० जीबी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या मोठ्या फाइली त्या कॉपीवरून उघडून बघा. मग मशीन बंद करून १ टीबीच्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा. इन्स्टॉलरमध्ये एसडीए, एसडीबी या रांगेत पेनड्राइव्हही येतो आणि नुसत्या नावावर विसंबलं की भलतीच डिस्क पुसली जाते. केबलच नसेल तर तो धोका उरत नाही.

बायोसमध्ये साटा मोड 'आरएसटी' किंवा 'रेड' असेल तर एनव्हीएमई इन्स्टॉलरला दिसणार नाही, तो 'एएचसीआय' करा. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्या ओळीत 'यूईएफआय' लिहिलंय ती निवडा. दुसऱ्या ओळीने गेलात तर जुन्या बायोस पद्धतीचं इन्स्टॉलेशन होईल. सिक्युअर बूट चालू असलं तरी अडत नाही. फर्मवेअरचा वेगळा पेनड्राइव्हही लागत नाही, डेबियन १२ पासून ते मूळ इमेजमध्येच असतं.

रूट या मुख्य युजरचा पासवर्ड विचारल्यावर जागा कोरी सोडली की पहिल्या युजरला सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याची मुभा मिळते. रोजच्या कामाला हेच सोयीचं. फक्त मग रूटचं खातं बंद राहतं, आणि कधी बूट अडकून इमर्जन्सी मोड आला तर आत शिरता येत नाही. इन्स्टॉलेशन झाल्यावर 'सुडो पासडब्ल्यूडी रूट' चालवून पासवर्ड देऊन ठेवा.

तयार पर्याय वाईट नाही, पण त्यात एक प्रश्न येतो: ग्रुपमधली किती जागा वापरायची? तिथे आधीच पूर्ण आकडा भरलेला असतो. नुसतं एंटर दाबलं की सगळी जागा वाटली जाते आणि एलव्हीएम घेतल्याचा अर्धा फायदा तिथेच संपतो. तुमच्यासाठी हाताने वाटणी बरी.

मॅन्युअल निवडा, एनव्हीएमईवर नवं जीपीटी टेबल करा. पहिलं पार्टिशन १ जीबी, 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' (ईएसपी). दुसरं १ जीबी, ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम), माउंट /बूट. उरलेलं सगळं तिसरं पार्टिशन, वापर 'फिजिकल व्हॉल्यूम फॉर एलव्हीएम'. मग 'कॉन्फिगर द लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर'. इथे तो बदल डिस्कवर लिहू का विचारतो आणि 'येस' म्हटल्यावर पार्टिशन टेबल खरंच लिहिलं जातं, मागे फिरता येत नाही. पुढे ग्रुप तयार करा आणि त्यात लॉजिकल व्हॉल्यूम:

रूट ४० जीबी
व्हार २० जीबी
होम २० जीबी
स्वॅप ८ जीबी

बेरीज ८८ जीबी. बाकी १६५ च्या आसपास ग्रुपमध्येच मोकळी राहू द्या. 'फिनिश' करून परत आलात की हे चारही व्हॉल्यूम यादीत वेगळ्या डिस्कसारखे दिसतात आणि प्रत्येकासमोर 'डू नॉट यूज' असतं. नवे लोक इथेच गोंधळतात: व्हॉल्यूम तयार झाला म्हणजे काम झालं असं वाटतं आणि पुढे 'रूट फाइलसिस्टीम सापडली नाही' असा संदेश येतो. प्रत्येकावर एंटर मारून ईएक्सटी४ आणि माउंटची जागा द्या, स्वॅपला 'स्वॅप एरिया'.

इतकी जागा मोकळी का, तर ईएक्सटी४ चालू मशीनवर, माउंट असताना वाढवता येते. कमी करायची तर अनमाउंट करावी लागते, आणि रूटसाठी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करणं आलं. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम तर वाढवताच येते, कमी करण्याचा विचार सोडून द्यायचा. त्यामुळे आज कमी द्या, लागेल तेव्हा वाढवा:

सुडो एलव्हीएक्स्टेंड --रिसाइझएफएस --साइझ +१०जी पॅटसिस/रूट

अधिकचं चिन्ह विसरू नका. '+१०जी' म्हणजे आहे त्यात १० ची भर, नुसतं '१०जी' म्हणजे एकूण आकार १०. एलव्हीएक्स्टेंड अशा वेळी नकार देतं, पण एलव्हीरिसाइझ एकदा विचारून कमी करायला लागतं. वाढवण्यासाठी कायम एलव्हीएक्स्टेंडच वापरा. --रिसाइझएफएस राहिलं तर एलव्हीएस (व्हॉल्यूमची यादी) नवा आकार दाखवतं आणि डीएफ (फाइलसिस्टीमची जागा) जुनाच. घाबरायचं कारण नाही, रिसाइझ२एफएस चालवलं की जुळतं.

आणखी एक, नाहीतर जागा गेली कुठे असं वाटेल: इन्स्टॉलर हजाराच्या पटीत मोजतो, एलव्हीएम १०२४ च्या. तिथे दिलेले ४० जीबी एलव्हीएसमध्ये ३७.२५ दिसतील.

सिस्टीम चालू झाली की मशीन बंद करून साटा केबल जोडा. एलएसबीएलके चालवून आकारावरून डिस्क ओळखा, ९३१ जीबी दिसेल ती. बाहेरची कॉपी शाबूत आहे याची पुन्हा खात्री करा, मग:

सुडो वाइपएफएस --ऑल /डेव्ह/एसडीए

त्यावर जीपीटी टेबल आणि एकच पार्टिशन करा. अख्ख्या डिस्कवर पीव्हीक्रिएट चालतं, पण पार्टिशन टेबल नसलेली डिस्क दुसऱ्या मशीनला कोरी वाटते आणि कुणीतरी फॉरमॅट करून मोकळं होतं. पुढे:

सुडो पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीए१
सुडो व्हीजीक्रिएट पॅटडेटा /डेव्ह/एसडीए१
सुडो एलव्हीक्रिएट --नेम ड्रॉइंग --साइझ ५००जी पॅटडेटा
सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० /डेव्ह/पॅटडेटा/ड्रॉइंग

शेवटच्या ओळीतलं '-एम ०' महत्त्वाचं. ईएक्सटी४ एरवी ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते, म्हणजे ५०० तले २५ जीबी. सिस्टीमच्या व्हॉल्यूमवर ती राखीव असावी, नुसत्या ड्रॉइंगच्या व्हॉल्यूमवर तिचा उपयोग नाही. एफएसटॅबमध्ये /एसआरव्ही/ड्रॉइंगला माउंट करताना पर्यायात 'नोफेल' लिहा. ते नसलं आणि कधी ही डिस्क सापडली नाही, तर बूट दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल.

आरशाचा प्रश्न. पुन्हा काही बसवावं लागत नाही. नवी डिस्क पीव्हीक्रिएट, मग व्हीजीएक्स्टेंड पॅटडेटा, आणि:

सुडो एलव्हीकन्व्हर्ट --टाइप रेड१ --मिरर्स १ पॅटडेटा/ड्रॉइंग

हे होत असताना फाइली उघड्या असल्या तरी चालतं. दोन्ही बाजू कितपत जुळल्या ते एलव्हीएसमध्ये टक्क्यांत दिसतं, १०० होईपर्यंत आरसा पूर्ण धरू नका. यात एक मेख आहे. रेडच्या (म्हणजे या आरशाच्या) नोंदींसाठी प्रत्येक डिस्कवर एक एक्स्टेंट जास्तीचा लागतो. जुनी डिस्क शेवटच्या एक्स्टेंटपर्यंत भरलेली असेल तर केवळ ४ एमबीसाठी हे काम अडतं. तुमच्याकडे ४०० च्या वर मोकळी राहणार, म्हणून चिंता नाही.

पेठेतला_पेंग्विन

वरचं सगळं बरोबर, फक्त /व्हार वेगळा करण्याला माझा विरोध आहे.

एलव्हीएमवर सिस्टीम ठेवण्याचं दुसरं मोठं कारण स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणीची गोठवलेली अवस्था. मोठ्या अपग्रेडच्या आधी रूटचा स्नॅपशॉट घ्यायचा, काही बिघडलं तर मागे यायचं. पण कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं आहे ही डीपीकेजीची (डेबियनची पॅकेज बसवणारी यंत्रणा) वही /व्हार/लिब/डीपीकेजीमध्ये असते. /व्हार वेगळा असताना फक्त रूट मागे नेला तर फाइली जुन्या आणि वही नवी. त्यानंतर अपडेट आणणाऱ्या एपीटीला वाटतं सगळं अद्ययावत आहे, प्रत्यक्षात प्रोग्रॅम जुने. ही अवस्था सरळ करणं किचकट असतं. दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच वेळी घेणं आणि दोन्ही मागे नेणं शक्य आहे, पण घाईत एक राहून जातोच.

त्यापेक्षा /व्हार रूटमध्येच ठेवा आणि रूट ६० जीबी करा. लॉग फुगण्याची भीती असेल तर लॉग लिहिणारा जर्नलडी मुळातच फाइलसिस्टीमच्या १० टक्क्यांवर आणि फार तर ४ जीबीवर थांबतो. जर्नलडीच्या कॉन्फमध्ये 'सिस्टीममॅक्सयूज=५००एम' केलंत की आणखी आटोक्यात. तरीही वेगळं काही हवं असेल तर फक्त /व्हार/लॉग वेगळा करा. तो मागे नेण्याची गरज नसते, उलट काय बिघडलं ते वाचायला नवे लॉगच लागतात.

स्नॅपशॉट असा:

सुडो एलव्हीक्रिएट --स्नॅपशॉट --साइझ १५जी --नेम रूटजुना पॅटसिस/रूट

ही १५ जीबी मोकळ्या जागेतून येते. ग्रुप पूर्ण वाटून टाकला असेल तर स्नॅपशॉटच घेता येत नाही. मागे यायचं तर:

सुडो एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज पॅटसिस/रूटजुना

रूट वापरात असल्याने विलीनीकरण पुढच्या रीबूटला सुरू होतं. अपग्रेड नीट झालं असेल तर एलव्हीरिमूव्हने स्नॅपशॉट काढून टाका, ठेवून देऊ नका. तो आहे तोवर प्रत्येक बदलाआधी जुना तुकडा बाजूला लिहिला जातो, लिहिण्याचा वेग पडतो. आणि १५ जीबी भरली की तो स्नॅपशॉट बाद होतो. मूळ व्हॉल्यूमला धक्का लागत नाही, पण मागे यायची वाट बंद.

/बूट मात्र एलव्हीएमच्या बाहेर आहे, त्यामुळे रूट मागे गेला तरी नवा कर्नल तिथेच राहतो. ग्रब (बूटलोडर) तोच नवा कर्नल उचलतो आणि त्याची मॉड्यूल्स जुन्या रूटमध्ये नसतात. स्क्रीन येते, पण लॅन नाही, यूएसबी कीबोर्डही काही वेळा नाही. अशा वेळी ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडायचा. म्हणून अपग्रेडनंतर लगेच 'ऑटोरिमूव्ह' करू नका, आणि स्नॅपशॉटच्या आधी /बूटचा टार करून होममध्ये ठेवा.

उद्यमनगर_पॅटर्न

दोघांचेही आभार. /व्हार रूटमध्येच ठेवतो, रूट ६०. आता दोन गोष्टी राहिल्या. ड्रॉइंगच्या व्हॉल्यूमवर दिवसभर फाइली उघड्या असतात, तर बॅकअप कसा घ्यायचा? आणि पावसाळ्यात लाइट जाते. यूपीएस आहे पण थोडाच वेळ टिकतो. एलव्हीएमचं काम चालू असताना मशीन बंद पडलं तर?

रंकाळा_रूट

बॅकअपसाठीही स्नॅपशॉटच. ड्रॉइंगचा २० जीबीचा स्नॅपशॉट घ्या, फक्त वाचण्यासाठी माउंट करा, त्यावरून आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर कॉपी, मग अनमाउंट आणि एलव्हीरिमूव्ह. लोक काम करत राहिले तरी कॉपी एकाच क्षणाची होते. जी फाइल त्या क्षणी सेव्ह होत असेल ती अर्धवट येऊ शकते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत घेतलेला स्नॅपशॉट चांगला. कॉपी चालू असताना एलव्हीएसमधला डेटाचा टक्का बघत राहा. ७०-८० च्या वर गेला तर त्याच स्नॅपशॉटला एलव्हीएक्स्टेंड करा, इथे --रिसाइझएफएस लावायचं नाही.

लाइटचं: व्हॉल्यूम वाढवणं काही सेकंदांचं काम आहे आणि ईएक्सटी४ला जर्नल आहे, तिथे धोका कमी. आरसा जुळताना लाइट गेली तर बूट झाल्यावर जुळणी पुढे चालू राहते. पीव्हीमूव्ह (एका डिस्कवरचे एक्स्टेंट दुसरीवर हलवणारी कमांड) मध्येच तुटलं तरी नुसतं 'पीव्हीमूव्ह' टाइप केलं की राहिलेलं पूर्ण करतं. खरा धोका फाइलसिस्टीम कमी करताना. ते काम यूपीएसच्या भरवशावरही करू नका, आधी बॅकअप. आणि क्रम फाइलसिस्टीम आधी, व्हॉल्यूम नंतर. उलट केलंत तर फाइलसिस्टीमची शेपटी कापली जाते. एलव्हीरिड्यूसला --रिसाइझएफएस लावलं की तो क्रम तेच सांभाळतं.

ग्रुपच्या रचनेची नोंद एलव्हीएम स्वतः /ईटीसी/एलव्हीएम/बॅकअप आणि /ईटीसी/एलव्हीएम/अर्काइव्हमध्ये ठेवतं. हे दोन फोल्डर बाहेरच्या डिस्कवरही घ्या. चुकून एलव्हीरिमूव्ह झालं आणि त्यानंतर काही लिहिलं नसेल, तर व्हीजीसीएफजीरिस्टोरने बऱ्याचदा परत मिळतं. एसएसडीवर मध्ये ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणं) झालं असेल तर मात्र नाही.

आणि बॅकअपची डिस्क त्या खोलीत ठेवू नका. आरसा आणि स्नॅपशॉट दोन्ही त्याच डब्यात आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहराच्या सखल भागात कुठवर आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मशीन जमिनीपासून उंच, बॅकअपची डिस्क दुसऱ्या इमारतीत वरच्या मजल्यावर.

राजारामपुरी_गल्ली

याच विषयात माझाही एक प्रश्न. उबंटू सर्व्हर बसवलं, ५०० जीबीची एसएसडी, पण डीएफमध्ये रूट ९८ जीबीच दिसते. डिस्क खराब आहे का?

पेठेतला_पेंग्विन

नाही भावा, डिस्क चांगली आहे. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम वापरतो आणि २०० जीबीहून मोठ्या डिस्कवर रूटला १०० जीबीच देतो, बाकी ग्रुपमध्ये मोकळी ठेवतो. 'सुडो व्हीजीएस' चालव, व्हीफ्रीच्या रकान्यात उरलेली सगळी दिसेल. नेटवर जिथेतिथे १०० टक्के मोकळी जागा एकदम रूटला द्यायची कमांड सांगतात. ती चालते, पण मग स्नॅपशॉटला काही उरत नाही आणि पुढे /व्हार किंवा डेटाबेससाठी वेगळा व्हॉल्यूम हवा झाला तर रूट कमी करत बसावं लागतं. लागेल तेवढीच घे:

सुडो एलव्हीएक्स्टेंड --रिसाइझएफएस --साइझ +१००जी उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही

डीएफमध्ये नाव दोन-दोन रेघांचं दिसेल, वर सांगितलंय ते हेच.

उद्यमनगर_पॅटर्न

शेवटचं. उद्या २५६ ची एनव्हीएमई बदलून ५१२ ची घातली तर सिस्टीम तशीच उचलता येईल? बोर्डावर एम.२ ची एकच खाच आहे.

रंकाळा_रूट

येईल. नवी एनव्हीएमई यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये घालून जोडा. त्यावर तशीच तीन पार्टिशनं: १ जीबी ईएसपी, १ जीबी /बूट, बाकी एलव्हीएम. तिसऱ्यावर पीव्हीक्रिएट, मग व्हीजीएक्स्टेंड पॅटसिस, मग जुन्या पार्टिशनचं नाव देऊन पीव्हीमूव्ह. चालू सिस्टीमखालून सगळे एक्स्टेंट नव्या डिस्कवर जातात. यूएसबीची केबल मध्ये हलू देऊ नका, हीच यातली कच्ची कडी. झालं की व्हीजीरिड्यूसने जुनं पार्टिशन ग्रुपमधून काढा.

पीव्हीमूव्ह ईएसपी आणि /बूटला हात लावत नाही, ते तुमचं काम. नवं ईएसपी एफएटी३२, नवं /बूट ईएक्सटी४ करा, जुन्यातलं सगळं कॉपी करा, एफएसटॅबमध्ये दोन्हींचे नवे यूयूआयडी लिहा. मग जुनी दोन अनमाउंट करून नवी त्यांच्या जागी माउंट करा, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवा. मशीन बंद करून नवी डिस्क खाचेत बसवा. बूट झालं नाही तर बायोसच्या बूट यादीत 'डेबियन'ची नोंद जुन्या डिस्ककडे बोट दाखवत असेल, लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून सीएचरूटने बसवलेल्या सिस्टीममध्ये शिरा आणि ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवा. नवी डिस्क एकटी नीट बूट होतेय हे पाहिल्यावरच जुनी पुसा.